गुडघ्याच्या ऑपरेशनलाही पूर्वमशागत लागते



हरभरा घाट्यात आला आहे. कामगंध सापळ्यांची नोंद परवा टाकलीच आहे. तूर वाळत आली, येत्या आठवड्यात काढणी धरू. आज मात्र पिकाचं लिहीत नाही, गुडघ्याचं लिहिते. पेज शेतीचं आहे हे खरं, पण शेती ज्या पायांवर उभी आहे ते पायच गेले तर नोंदी कशाच्या ठेवायच्या?

आमच्या गावात गेल्या काही वर्षांत सात-आठ जण गुडघे बदलून आले. माझा उजवा दोन वर्षांपूर्वी बदलला. डावा येत्या मार्चच्या मध्याला करायचा ठरलाय, म्हणजे आजपासून आठ आठवडे. या सगळ्यांत जे मी बघितलं, त्यावरून माझं एक ठाम मत झालंय. ते काहींना पटणार नाही, तरी लिहिते.

ऑपरेशन डॉक्टर करतात, ते एक-दोन तासांचं काम. नंतरचा व्यायाम फिजिओथेरपीवाले करून घेतात. पण आधीचे सहा-आठ आठवडे पूर्ण आपल्या हातात असतात आणि नेमके तेच आपण फुकट घालवतो. पेरणीआधी नांगरट, वखरणी, शेणखत, बीजप्रक्रिया सगळं बघणारा शेतकरी स्वतःच्या देहाला मात्र थेट पेरणीला नेतो. आणि ऑपरेशन घरातल्या बाईचं असेल तर तयारी त्याहून कमी. ती आदल्या रात्रीपर्यंत धारा काढत असते.

काही जण म्हणतील, इतकं दुखतंय, त्यात आणखी दोन महिने थांबायचं कशाला? तर गुडघा बदलणं हे अपेंडिक्ससारखं रात्रीत उरकायचं ऑपरेशन नाही. पडून खुबा मोडला तर गोष्ट वेगळी, तिथं डॉक्टर सांगतील तसं लगेच करावं लागतं. पण झिजलेला गुडघा पाच-दहा वर्षं झिजत आलेला असतो. त्याला दोन महिन्यांनी काही मोठा फरक पडत नाही, आपल्या तयारीला मात्र पडतो. "पॅकेज चालू आहे, उद्याच भरती व्हा" असं मला एका दवाखान्यात सांगितलं होतं. तिथून मी उठून आले. ज्याला माझं रक्त किती, साखर किती हे विचारायच्या आधी तारीख द्यायची घाई आहे, त्याच्या हातात गुडघा द्यायचा नाही, असं माझं मत.

तारीख पंचांगातली नाही, पिकाच्या वेळापत्रकातली

आपल्याकडं बहुतेकांची ऑपरेशनं दिवाळीनंतर होतात. कारण सोयाबीनचे पैसे तेव्हा हातात येतात. पण तेव्हाच हरभरा पेरायचा असतो, पाणी द्यायचं असतं आणि वीज रात्रीची असते. मग बाई पंधराव्या दिवशी काठी टेकत रानात.

हिशोब उलटा मांडा. ऑपरेशननंतर बहुतेकांना त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात. वॉकर, काठी सुटायला काही आठवडे जातात. घरातली हलकी कामं साधारण सहा आठवड्यांनी जमायला लागतात. रानात नीट हिंडायला-फिरायला तीन महिने धरा. पूर्ण सरावायला वर्षसुद्धा लागतं. आता आपला मृग ७ जूनच्या आसपास निघतो. त्याच्या आधी बारा आठवडे मोजले की मार्चचा मध्य येतो. तोवर हरभऱ्याची काढणी झालेली असते. त्याच्या आधी तयारीचे आठ आठवडे धरले की जानेवारीचा मध्य. सोयाबीन-हरभऱ्याच्या पट्ट्यासाठी माझ्या मते हीच जागा बरोबर. उन्हाळा सोसावा लागतो, पण पाऊस-चिखलात वॉकर चालवण्यापेक्षा ऊन बरं. द्राक्षवाल्यांनी आपल्या छाटण्या बघाव्यात, उसवाल्यांनी तोडणी बघावी. बारा आठवडे सलग मोकळे कुठं निघतात ते शोधा आणि मगच डॉक्टरकडं तारीख मागा.

माती परीक्षणाआधी खत नाही, तपासणीआधी तारीख नाही

भरतीच्या दिवशी करायच्या तपासण्या दोन महिने आधी करून घ्या. डॉक्टर नाही म्हणत नाहीत. कारण त्यात काही निघालं तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

पहिलं हिमोग्लोबिन. बाईचं १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की रक्त कमी, असं धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांत ५७ जणींचं रक्त कमी निघालं होतं. पन्नाशीनंतर ते आपोआप भरून येतं असं समजू नका. माझं पहिल्या वेळी ९.४ निघालं. डॉक्टरांनी कारण शोधलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि तारीख पुढं ढकलली. गूळ-शेंगदाणे, पालेभाजी खावीच, पण तेवढ्यावर एका महिन्यात रक्त भरत नाही, औषध लागतं. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू, आवळा बरोबर असला तर चांगलं. रक्त भरायला आठवडे लागतात, म्हणून ही तपासणी सगळ्यात आधी.

दुसरी साखर. बोटातून काढलेली एका दिवसाची साखर दोन दिवस भाकरी सोडली की खाली येते, त्यानं डॉक्टर फसत नाहीत. ते एचबीए१सी बघतात, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. बरेच सर्जन ती साडेसात-आठच्या आत आल्याशिवाय चाकू लावत नाहीत. साखर चढलेली असली की जखम भरत नाही आणि जंतू लवकर धरतात. आपल्याला साखर नाही असं वाटणाऱ्यांनीसुद्धा एकदा बघावं.

तिसरे दात. गुडघ्याचा आणि दाताचा काय संबंध, असं सगळेच विचारतात. किडलेल्या दातातले, सुजलेल्या हिरडीतले जंतू रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतात. सांधा धातू आणि प्लॅस्टिकचा, त्यात रक्त फिरत नाही, त्यामुळं तिथं बसलेला जंतू नुसत्या गोळ्यांनी निघत नाही. कधीकधी सांधा काढून परत बसवावा लागतो. म्हणून दात काढायचा, भरायचा तो आधीच. लघवीला जळजळ असेल तर तेही सांगा, लपवू नका.

चौथी कातडी. हे खास आपल्या लोकांसाठी. टाचांच्या भेगा, बोटांतल्या चिखल्या, कुरूप, बोरी-बाभळीचा काटा मोडून झालेलं नासूर, तुराटीचा ओरखडा, यातलं काहीही पायावर असलं तर ऐनवेळी ऑपरेशन रद्द होतं. शेवटचा महिनाभर अनवाणी रानात जाऊ नका. भेगांना रोज तेल, मलम लावा. पायावरचे केस घरी वस्तऱ्यानं काढू नका, बारीक चिरा पडतात आणि त्यातून जंतू जातात. दवाखान्यात ते मशीननं काढतात.

पाचवी मिश्री. हे बायकांनी वाचाच. तंबाखू, बिडी, गुटखा, मिश्री, सगळ्यांत निकोटिन आहे. त्यानं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जखमेला रक्त कमी पोचतं. किमान चार आठवडे आधी बंद. "मिश्री म्हणजे काय तंबाखू आहे का" असं म्हणणाऱ्या बाया मी ऐकल्यात. आहे, भाजलेली तंबाखूच आहे.

सहावी औषधं. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा आणि ती पिशवीच डॉक्टरपुढं ठेवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या, साखरेच्या काही गोळ्या, दुखण्याच्या गोळ्या ठरावीक दिवस आधी थांबवाव्या लागतात. कोणती कधी थांबवायची ते डॉक्टरच सांगतील, आपल्या मनानं बंद करायची नाही. संधिवाताची पुडी खात असाल तर तीही पिशवीत टाका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरला ते माहीत असणं फार गरजेचं. गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची तारीख सांगा. त्यानंतर साधारण तीन महिने सर्जन थांबतात.

मांडी म्हणजे मुळी

दुखतं म्हणून आपण पाय वापरत नाही आणि वापरत नाही म्हणून मांडी वाळते. नवा गुडघा कितीही भारी बसवला तरी त्याला उचलणारा स्नायू मांडीचाच. रोप लावायच्या आधी मुळी बघतो ना, तसं हे.

मला फिजिओथेरपीवाल्या मुलीनं चार गोष्टी शिकवल्या. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा आणि पाच आकडे मोजायचे. पाठीवर झोपून एक पाय दुमडायचा, दुसरा सरळ फूटभर उचलायचा, पाच मोजून सावकाश खाली. पाऊल वर-खाली हलवायचं, त्यानं पोटरीतलं रक्त फिरतं. आणि हाताच्या खुर्चीत बसून दोन्ही हातांच्या जोरावर अंग उचलायचं, कारण वॉकर हातांनीच पेलायचा असतो. प्रत्येक दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. "दिवसभर रानात राबते, आणखी व्यायाम कशाला" असं वाटेल. खुरपणीनं कंबर आणि गुडघा झिजतो, मांडी घडत नाही. एकदा तज्ज्ञाकडून बघून घ्या, मग घरी करा.

वॉकर ऑपरेशनच्या आधीच आणा आणि घरात चालवून बघा. ताठ उभं राहून हात सैल सोडले की वॉकरची मूठ मनगटाच्या घडीला आली पाहिजे. शेजारणीचा आणला तर आधी उंची लावून घ्या.

खाण्यात उपास-तापास या दोन महिन्यांत कमी करा. डाळ, मटकी, दूध, दही, खात असाल तर अंडी, हे रोज पोटात गेलं पाहिजे. जखम भरायला प्रथिनं लागतात. वजन जास्त असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू उतरवा, शेवटच्या पंधरवड्यात उपाशी राहून नाही.

घराची डागडुजी

नव्या गुडघ्यानं उकिडवं बसायचं नाही, मांडी घालून बसायचं नाही. आणि आपलं सगळं घर जमिनीवर चालतं. संडास, आंघोळीचा दगड, चूल, जेवण, निवडण-टिपण. हे सगळं आधी उचलून वर घ्यावं लागतं.

कमोड बसवणं उत्तम. खर्च नको असेल तर देशी भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते. भिंतीला धरायला गज बसवा. आंघोळीला प्लॅस्टिकची उंच खुर्ची, खाली घसरणार नाही असं. गॅस जमिनीवर असेल तर ओट्यावर नाहीतर टेबलावर घ्या. हातांची, गुडघ्याइतक्या किंवा त्याहून उंच बैठकीची खुर्ची लागते. पलंग नसेल तर कुणाचा तरी आणा. अंगणातली सुटी फरशी, दारातली पायपुसणी, मोटारीची लोंबती वायर, पायात घुटमळणारं करडू, सगळं बाजूला. उंबऱ्यावरून वॉकर कसा काढायचा ते आधी करून बघा. रात्री लाइट गेली तर हाताशी लागेल असा चार्जिंगचा दिवा ठेवा.

बायकांसाठी एक सांगते. ऑपरेशनला जाताना जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र, नथ सगळं काढायला लावतात. नखांना रंग, हाताला मेंदी नको. घरात सासूबाई असतील तर हे आधीच बोलून ठेवा. ऐन ऑपरेशनच्या दारात रडारड नको.

खरी तयारी कामाच्या वाटणीची

आता मुद्द्याचं. वरचं सगळं कोणताही दवाखाना कागदावर लिहून देईल. हे कुणी लिहून देत नाही.

पुरुषाचं ऑपरेशन ठरलं की घर हलतं. पोरगं पुण्याहून येतं, मेहुणा रान बघतो, बायको उशाशी असते. बाईचं ठरलं की पहिला प्रश्न, "मग घरचं कोण बघणार?" या एका प्रश्नापायी कितीतरी बायांचे गुडघे दहा-दहा वर्षं पुढं ढकलले जातात. उकिडवं बसून खुरपायचं, वेचायचं, सारवायचं, पेंढ्या बांधायच्या, म्हणजे गुडघे आधी तिचे झिजतात आणि ऑपरेशन मात्र शेवटी तिचं.

म्हणून माझं म्हणणं, आठ आठवडे आधी कागद घ्या आणि बाईच्या एका दिवसाची नोंद लिहा, जशी आपण पिकाची लिहितो. पहाटे झाडलोट, शेण, धारा, चहा, डबा, पाणी, रानातले पाच-सहा तास, परत धारा, भाकरी, भांडी. प्रत्येक कामापुढं नाव लिहा, ऑपरेशननंतर हे कोण करणार. नाव नसेल तर मजूर. आमच्याकडं बाईचा रोज ३०० रुपये आहे. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, झाले १२,६०० रुपये, आणि हे फक्त रानातल्या कामाचे. हा आकडा ऑपरेशनच्या खर्चात धरा. वॉकर, कमोड, गाडीभाडं धरता, मग हा का नाही? जो खर्च कागदावर नसतो तो शेवटी बाईच्या गुडघ्यावर पडतो.

आणि वाटणी ऑपरेशनच्या दिवशी सुरू करायची नाही, तीन आठवडे आधी. ज्यानं धार काढायची त्यानं आत्ताच काढायला लागावं. म्हशीला नवा हात ओळखीचा व्हायला दिवस लागतात, नाहीतर ती पान्हा चोरते. पोराला भाकरी येत नसेल तर पोळी-भात शिकू दे. बाई घरात असतानाच तिच्याशिवाय घर चालून बघितलं, तर ती दवाखान्यात निवांत झोपेल.

पैशाचं थोडं

गुडघ्यांच्या सांध्यांची कमाल किंमत सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये ठरवून दिली. सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची तेव्हा ५४,७२० रुपये, जीएसटी वेगळा. आज दर काय आहे ते आधी विचारा आणि बिलात सांधा, कंपनी, बॅच नंबर वेगळा दाखवायला सांगा. पॅकेज म्हणजे त्यात काय आणि त्याबाहेर काय, हे लिहून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, कोणत्या दवाखान्यात बसतं, हे तिथल्या आरोग्यमित्राला भेटून विचारा. काही ऑपरेशनं ठरावीक दवाखान्यांतच मंजूर होतात. रेशन कार्ड आणि आधारवरच्या नावात फरक असेल तर तो दुरुस्त करायलाही आठवडे जातात. हे सगळं आधी झालं तर माल पडत्या भावात काढायची वेळ येत नाही.

कृषीवाल्या मंडळींना एक विनंती

पेज वाचणाऱ्यांत कृषी सहायक आहेत, विद्यापीठातली माणसंही आहेत. त्यांना सांगणं असं, की नवा गुडघा बसवून बाई परत खुरपं घेऊन उकिडवी बसणार असेल तर तो खर्च वाया. ऑपरेशनआधीच घरात उभ्यानं चालवायचं सायकल कोळपं, लांब दांड्याची अवजारं आली पाहिजेत. शेतीशाळेत औषध-खतांबरोबर हेही दाखवा आणि बायकांच्या हातात देऊन चालवून घ्या. तण किती मरतं हे जसं मोजता तसं गुडघे किती वाकतात हेही बघा.

मी माझी यादी दाराला चिकटवली आहे. हिमोग्लोबिन या वेळी ११.६ आहे, अजून थोडं चढवायचंय. दाताच्या डॉक्टरकडं बुधवारी. धार सोमवारपासून मालक काढतात, म्हैस अजून रुसते, पण देते. तुमच्या घरात कुणाचा गुडघा बदलायचा ठरला असेल तर आधी दवाखान्याचा नाही, घरातला कागद काढा. आणि तो बाईचा गुडघा असेल तर कामापुढं नावं लिहायला पेन घरातल्या पुरुषाच्या हातात द्या.